रोजचं पातेलं

भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक आत आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "घरात माणसं किती?" लग्न होऊन मी सांगलीत आले तेव्हा गणपती पेठेलगतच्या आमच्या दुकानात सासरे गादीवर बसायचे आणि हाच प्रश्न विचारायचे. चार म्हटलं की पाच लिटरचा कुकर. सात-आठ म्हटलं की साडेसात नाहीतर दहाचा. पातेल्यांनाही तोच हिशोब. माळ्यावरचा पोरगा नुसता आकडा ऐकून माल खाली सोडायचा. त्यांच्या काळात हे चालून जायचं, कारण घरोघरी स्वयंपाक साधारण एकसारखा असायचा आणि दोन्ही वेळा सगळे घरीच जेवायचे. पुढे मी काउंटरला बसायला लागले. तीच माणसं वर्षानुवर्षं समोर येत गेली, बोलत गेली, आणि हळूहळू उमगलं की डोकी मोजून घेतलेली निम्मी भांडी फळीवरच राहतात.

आता मी विचारते, "सकाळी गॅसवर पहिलं काय ठेवता?" बायका क्षणभर थांबतात, मग मोकळेपणाने बोलायला लागतात. एकीकडे रतिबाचं दोन लिटर दूध येतं, साय साठवून लोणी काढायचं असतं. दुसरीकडे अर्ध्या लिटरची पिशवी, तीही चहापुरती. तिसरीचा मुलगा तालमीत जातो, नवरा रानात, म्हणून उजाडायच्या आत डझनभर भाकऱ्या. तिन्ही घरांत माणसं चारच, पण तिघींना लागणाऱ्या भांड्यांत काडीचं साम्य नाही.

दुधाचंच घ्या. आमचा हा कृष्णाकाठ दुधाचा. चितळ्यांची डेअरीसुद्धा 1939 साली इथे भिलवडीतच सुरू झाली. लिटरभर दुधाला लिटरभराचं भांडं पुरत नाही, वर यायला जागा लागते, म्हणून दोन लिटरचंच पातेलं द्यावं लागतं. ज्यांना साय हवी त्यांना पसरट तोंडाचं, ज्यांना नुसतं तापवायचं आहे त्यांना उभट. पालेभाजीचंही असंच. मेथीच्या दोन जुड्या निवडून कढईत टाकल्या की पाला काठाच्या वर येतो आणि पाच मिनिटांत बसून तळाला वाटीभर उरतो. ज्या घरात रोज पालेभाजी होते, त्या घराला माणसांच्या मानाने मोठी कढई घ्यावीच लागते. ते पहिल्या पाच मिनिटांसाठी असतं, पण ती पाच मिनिटं रोज येतात.

कुकरवर लिहिलेला लिटरचा आकडा तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. पाच लिटर म्हणजे काठोकाठ भरला तर पाच लिटर. तसा तो कधीच भरायचा नसतो. कंपनीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं की दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका, आणि डाळ-तांदळासारखं फुगणारं असेल तर निम्म्यावर थांबा. त्यातून आपण मराठी घरांत कुकर लावतो म्हणजे डबे लावतो. खाली पाणी, त्यावर जाळी, मग डाळीचा डबा, त्यावर भाताचा, वाटलंच तर सगळ्यात वर बटाटे. इतकी जागा गेल्यावर पाच लिटरच्या कुकरातून दोन्ही डबे मिळून दीड-पावणेदोन लिटर वरणभात हाती येतो. चार माणसांना तो पुरतो, शेजारी भाकरी-पोळी असते म्हणून.

तीन लिटरचा "दोन माणसांचा" म्हणून विकला जातो. नवराबायकोला तो बरोबर वाटतो आणि घरी गेल्यावर कळतं की त्यात एकावर एक दोन डबे बसत नाहीत. मग एकदा डाळ, एकदा भात, गॅस दुप्पट. उलट ज्या घरात खिचडी, पुलाव, उसळ थेट कुकरात शिजते, तिथे तोच तीन लिटरचा तिघाचौघांनाही चालतो. म्हणून मी विचारते, "डबे लावता का थेट शिजवता?" डबे लावणाऱ्यांना सांगते, घरचे डबे पिशवीत घालून आणा आणि इथेच बसवून बघा. पाच लिटरमध्येही उभट आणि पसरट असे दोन घाट येतात. उभटात दोन डबे निवांत बसतात, पसरटात एकच. खोक्यावरचा आकडा दोन्हीकडे पाचच असतो. (एक गोष्ट कुणी विचारत नाही, पण मी दाखवतेच. फेब्रुवारी 2021 पासून घरगुती कुकरवर आयएसआयचं चिन्ह सक्तीचं आहे. ते नसलेला कुकर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.)

लग्नसराईत मात्र ही सगळी चर्चा बाजूला पडते. तिथे भांडी रुखवतात मांडायची असतात, पाहुणे ती मोजणार असतात, आणि आई-बाप आयुष्यभराची पुंजी जमवून आलेले असतात. त्यांच्या त्या हौसेचा मला मनापासून आदर आहे. संसारसेट एकवीस भांड्यांचा, एक्कावन्न भांड्यांचा, त्याहून मोठाही. एकात एक बसणारी पाच पातेली, त्यांत सगळ्यात मोठं दहा-बारा लिटरचं. स्टील किलोवर जातं, त्यामुळे मोठं भांडं विकलं की दुकानदाराचाही गल्ला भरतो. बाजार असा मोठ्या भांड्याकडे आपोआप झुकलेला असतो, हे धंद्यातल्या माणसाने सांगितलेलं बरं.

तासगावकडची एक आई मुलीला घेऊन आली होती. मुलगी पुण्याला दोन खोल्यांच्या घरात जाणार होती, दोघंही नोकरी करणारे. आई यादी वाचत होती, मी काढून देत होते. मुलगी शेवटच्या फळीपाशी उभी राहून लिटरभराची डेचकी हातात फिरवत होती. आई म्हणाली, "एवढ्याशात पाव्हणं आलं तर काय करशील?" मुलगी म्हणाली, "दोनदा लावीन. पाव्हणं रोज थोडंच येतंय." आईने तरी मोठा सेट घेतलाच, आणि डेचकीही घेतली, माझ्याकडून भेट म्हणून. यंत्राने सगळ्या भांड्यांवर मुलीचं नाव आणि तारीख घातली. काही वर्षांनी दिवाळीला ती मुलगी सेटमधली तीन मोठी पातेली मोडीत द्यायला आली. आतला कागदी लेबलाचा तुकडा अजून चिकटलेला होता. पितळेची मोड घातली तर धातूची किंमत बऱ्यापैकी परत येते, स्टीलची फार थोडी. तिच्या हातात पडले ते पैसे बघून मलाच वाईट वाटलं. "ती डेचकी?" मी विचारलं. "ती रोज दोनदा घासते," ती म्हणाली.

त्या दिवसापासून लग्नाच्या यादीलाही मी तोंड उघडायला लागले. आईला दुखवायचं नाही आणि मुलीचा संसारही बघायचा. रुखवताला शोभा पितळेची, तांब्याची असू द्या, म्हणजे हंडा, कळशी, समई. त्याचं मोल टिकतं. गॅसवर चढणारी भांडी मात्र मुलीला निवडू द्या, आणि सेट फोडून द्या म्हणा. सेट फोडायला दुकानदार कुरकुरतो. आम्ही फोडून देतो.

पण भांड्यांबद्दल मला जे काही कळलं, त्यातलं सगळ्यात मोठं 2019 च्या महापुराने शिकवलं. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. 2005 चा पूर पाहिलेली माणसंसुद्धा म्हणत होती की एवढं चढणार नाही. पेठांत पाणी शिरलं आणि दिवसेंदिवस हललं नाही. ते ओसरल्यावर शटर वर केलं तेव्हा आत गुडघाभर गाळ होता. नॉनस्टिकचे खोके लगदा झाले होते. स्टील, पितळ, हिंडालियम शाबूत होतं, फक्त एकात एक ठेवलेली पातेली गाळाने अशी धरली होती की ओढून सुटेनात. मग सासूबाईंनी सांगितलेला जुना उपाय केला. आतल्या पातेल्यात गार पाणी भरायचं आणि बाहेरचं गरम पाण्यात बुडवायचं. बाहेरचं जरा फुगतं, आतलं आकसतं, आणि हलक्या हाताने फिरवलं की सुटतं. असं एकेक करत घरातले सगळे रात्री उशिरापर्यंत बसलो होतो.

दुकान धड उघडायच्या आतच गिऱ्हाइकं यायला लागली. ही अशी माणसं होती ज्यांच्या घरात काही म्हणजे काही उरलं नव्हतं. हातात थोडे पैसे, आणि स्वयंपाकघर पहिल्यापासून उभं करायचं. यादी नव्हती, रुखवत नव्हता, शेजारणीशी तुलना नव्हती. मी बघत होते की ती काय उचलतात. तीनेक लिटरचं एक पातेलं, झाकणासकट. लोखंडी तवा. परात. एक कढई, पळी, उलथणं. पाण्याला कळशी किंवा तांब्या. बहुतेकांची खरेदी इथेच थांबायची. परात तर जवळजवळ सगळ्यांनी घेतली. तिच्यात पीठ मळता येतं, भाकरी थापता येते, तांदूळ धुता येतात, भाजी चिरून ठेवता येते आणि वेळेला मोठ्या पातेल्यावर झाकणही होतं. ती किती मोठी घ्यायची हे त्या बायकांनी तळव्याने मोजलं. भाकरी थापताना हात मोकळा फिरला पाहिजे, म्हणजे भाकरीच्या चारी बाजूंनी चार बोटं जागा.

त्याच दिवसांत गावोगावहून मदत आली. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसांनी भांड्यांचे संच पाठवले, त्यांचे उपकार सांगली विसरणार नाही. संच सगळ्यांना सारखेच होते, दुसरं काही शक्यही नव्हतं. नदीकाठच्या एका गल्लीत नऊ माणसांच्या घराला आणि एकट्या राहणाऱ्या आजोबांना एकच संच मिळाला. नऊ माणसांच्या घरी भात तीनदा शिजत होता. आजोबांकडे दोन पातेली रिकामी पडून होती. गल्लीतल्या बायकांनी दोन दिवसांत आपापसांत अदलाबदल करून टाकली. आजोबांनी मोठं पातेलं दिलं आणि लहान कढई घेतली. माझ्यासारख्या दुकानात बसणारीला इतकी नेमकी वाटणी करता आली नसती, कारण त्यांना एकमेकींच्या चुली माहीत होत्या.

पुढच्या वर्षभरात तीच कुटुंबं एकेक वस्तू न्यायला येत राहिली. आता त्यांना नेमकं माहीत असायचं. "अडीच लिटरचं, पसरट, आमटीला." "दह्याला लिटरचं." 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा त्यांतल्या कितीतरी जणींनी भांडी एकात एक घालून दोन गठ्ठ्यांत बांधून वर नेली. थोडी होती म्हणून नेता आली.

इतक्याच नेमकेपणाने भांडी घेणारं दुसरं गिऱ्हाईक म्हणजे ऊसतोड कामगार. कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू झाले की बीडकडून टोळ्या येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत फडाफडाने फिरतात. राहायची कोप ज्या दिवशी मोडेल त्या दिवशी सगळा संसार गाडीवर चढवायचा. एक जोडपं बाजारच्या दिवशी दुकानात आलं. बाई खाली बसली आणि दोन भगुली, एक झाकणी, तवा एवढं समोर मांडून घेतलं. लहान भगुलं मोठ्यात बसतंय का बघितलं. झाकणी दोन्हींवर चालतेय का बघितलं. तवा वर उपडा टाकून सगळं एका फडक्यात बांधलं आणि उचलून पाहिलं. मग बोटाने बुडावर टिचकी मारली. पहाटे अंधारात उठून एकदाच रांधायचं, तेच दुपारी फडात खायचं, म्हणून मोठं भगुलं भाजीसाठी आणि लहान चहासाठी. त्यांच्या घरात माणसं चार होती, दोन लेकरं धरून. मी आकडा विचारलाच नाही, विचारायची गरज पडली नाही.

उचलून बघणं ही गोष्ट मी तिच्याकडूनच घेतली. आता काउंटरच्या शेजारी पाण्याची बादली असते. पातेलं किंवा कढई पसंत पडली की म्हणते, पाणी भरा आणि दोन्ही हातांनी उचला. पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो, भांड्याचं वजन वेगळं. जाड बुडाचं असेल तर सात किलोच्या घरात जातं, आणि घरी त्यात उकळती आमटी असणार. विश्रामबागेत राहणाऱ्या एक काकू जुन्या मापाचंच पातेलं मागायला आल्या होत्या. मुलं लांब, घरात दोघंच, मनगटं दुखरी. पाणी भरून उचललं आणि लगेच खाली ठेवलं. म्हणाल्या, "इतकी वर्षं मी हे उचलत होते?" मग त्यांना दीड लिटरची आणि अडीच लिटरची अशी दोन पातेली दिली, कानांची, म्हणजे सांडशीवर भार येणार नाही.

मोठ्या भांड्यात थोडं रांधलं तर नुसती घासायची दगदग वाढते असं नाही, चवही जाते. दोघांची आमटी मोठ्या पातेल्यात टाकली की तळाला बोटभर उंचीसुद्धा येत नाही. फोडणीचं तेल पसरतं, मोहरी बुडाला लागून करपते, पाणी भराभर आटतं. स्टील तर उष्णता पसरवायला मुळात मंद. ॲल्युमिनियम त्याच्या दहापटीने जास्त वाहून नेतं. म्हणून पातळ स्टीलच्या मोठ्या भांड्यात ज्योतीच्या वरचा गोल करपतो आणि कडा कच्च्या राहतात. स्टील घ्यायचंच तर गेज विचारावा, आणि लक्षात ठेवावं की गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. मापात दोन लिटर कमी घ्या, पण तेवढेच पैसे जाड बुडात घाला, असं मी प्रत्येकाला सांगते.

तव्याचा तर संबंध माणसांशी नसतोच, शेगडीशी असतो. जत, कवठेमहांकाळकडचा शाळू सांगलीच्या बाजारात येतो आणि आमच्याकडे भाकरीशिवाय जेवण होत नाही. चुलीवरचा थोरला बिडाचा तवा गावाकडे उत्तम चालतो, कारण जाळ त्याच्या सगळ्या बुडाला लागतो. तोच तवा घरगुती बर्नरवर ठेवला की मधला वीतभर भाग तापतो आणि कडा थंड राहतात. भाकरीचा पापुद्रा मध्येच सुटतो, कडेला चिकटतो. मग बाई स्वतःच्या हाताला दोष देते. साध्या शेगडीला दहा इंची तवा पुरे. घरात भाकऱ्या जास्त लागत असतील तर तवा वाढवू नये, मोठा बर्नर घ्यावा. इंडक्शन असेल तर खिशात लोहचुंबक घेऊन या. बुडाला चिकटलं तरच ते भांडं चालतं.

राहिली सणवाराची, जत्रेची गोष्ट. पुरणासाठी डाळ शिजवताना कटाचं पाणी जास्त ठेवावं लागतं, त्यामुळे एक मोठं पातेलं घरात असावं हे मला मान्य आहे. एकच. त्याहून मोठं लागलं तर आपल्या गावांत सोय आहे. देवळात, तालीम मंडळात, बचत गटाकडे देणगीदारांची नावं घातलेली पातेली, घमेली, पराती असतात. शंभर माणसांच्या मटणाचं भांडं कुणी घरात ठेवत नाही, तसं वीस माणसांच्या भाताचंही ठेवायचं कारण नाही. हल्ली पितळी पातेल्यांची हौस परत आली आहे. त्याबद्दल इतकंच सांगते की आमटी, ताक, चिंच-कोकम पडणार असेल तर आतून कल्हई हवी आणि ती गेली की पुन्हा करून घ्यायची. कल्हईवाला जवळपास नसेल तर मोठं पितळी पातेलं घेऊ नका.

नवीन संसार मांडणारे आले की मी आता त्यांना पाच वस्तू देते. डबे बसतील असा कुकर, दीड आणि अडीच लिटरची दोन पातेली, एक कढई, एक तवा. परात बहुतेकदा आईकडून आलेली असते. बाकीचं तीन-चार महिन्यांनी न्या म्हणते. धंद्याच्या दृष्टीने हे कसं परवडतं असं शेजारचे दुकानदार विचारतात. परवडतं, कारण ती माणसं परत येतात. मागच्या धनत्रयोदशीला कुपवाडला कारखान्यात काम करणारं एक तरुण जोडपं असंच परत आलं. मोबाइलमध्ये त्यांनी लिहून आणलं होतं की कुठलं भांडं रोज लागतं, कुठलं आठवड्यातून एकदा आणि कशासाठी शेजारणीकडे जावं लागतं. शेजारणीकडे दोनच गोष्टींसाठी जावं लागत होतं, इडलीपात्र आणि दह्याचं भांडं. दह्याचं भांडं त्यांना अर्ध्या लिटरचं हवं होतं. माझ्याकडे त्या मापाचं झाकणासकट नव्हतं, पाऊण लिटरचं होतं. ते म्हणाले, "मग पुढच्या खेपेला नेतो." मी मिरजेच्या व्यापाऱ्याला लगेच फोन लावला.